नजरेचा दाखला

दुकानातला कंगव्यांचा तक्ता उलटा टांगायची वेळ आली की समजावं, होल्यांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला. कॅलेंडर बघायची गरज नाही. बाहेर सप्टेंबरचा चिकट उकाडा असतो. दुकानात एसीचा गारठा. नवा चष्मा लावून ऐटीत बाहेर पडलेलं गिऱ्हाईक पायरीवरच आंधळं होतं, कारण काचांवर झटकन वाफ धरते. मग ते तसंच मागे फिरतं आणि मला म्हणतं, "दुक्तूरा, नंबर गलत!" मी म्हणते, "नंबर बरोबर आहे, हवा गलत आहे. पुसा आणि जा." अठरा वर्षं हा संवाद मी दर सप्टेंबरात करत आले आहे. आता तोंडाला सवय झाली आहे.

मी दुक्तूरा नाही. बाब अल बहरीनच्या मागे सोन्याची दुकानं संपून कापडाची सुरू होतात, त्या गल्लीत एका चष्म्याच्या दुकानात मी डोळ्यांचे नंबर काढते. पण पांढरा कोट घातलेल्या बाईला इथले लोक दुक्तूराच म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे. मग कंटाळा आला. माझ्या माहेरी, दापोलीकडे, कंपाउंडरलाही डॉक्टर म्हणतातच की.

कंगव्यांचा तक्ता म्हणजे काय ते सांगते. ज्यांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी एक तक्ता असतो. त्यावर एकच खूण, तीन दात असलेल्या कंगव्यासारखी, कधी उजवीकडे तोंड करून, कधी डावीकडे, कधी वर, कधी खाली. वरच्या ओळीतला कंगवा हाताएवढा, खाली जाल तसा बारीक होत शेवटी मुंगीएवढा. समोरच्यानं फक्त दात कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचीही नजर त्यावर मोजता येते. जगातली इतकी प्रामाणिक परीक्षा दुसरी नसेल, असं मला गेल्या वर्षापर्यंत वाटत होतं.

गेल्या वर्षी होल्यांच्या शिकारीला पुन्हा परवानगी मिळाली. त्याआधी कित्येक वर्षं बंदी होती. बंदी होती म्हणजे लोक मारत नव्हते असं मुळीच नाही. उत्तरेकडून होल्यांचे थवे समुद्र ओलांडून यायचे, दमूनभागून खजुरीच्या बागांत उतरायचे, आणि शुक्रवारी पहाटे कुठून तरी बार ऐकू यायचाच. विचारलं तर सगळे आकाशाकडे बघायचे. आता मात्र रीतसर हंगाम ठरला. ठरावीक दिवस, वाळवंटात आखून दिलेला पट्टा, माणशी ठरावीक पक्षी. आणि अर्जाला जोडायचा एक कागद, नजर ठीक असल्याचा दाखला.

तो दाखला देणारी मी.

आमच्या गल्लीनं असा ऑगस्ट कधी पाहिला नसेल. शेजारच्या कापडवाल्यानं लग्नाचे झगमगीत कापडाचे तागे मागे ढकलून मातकट रंगाच्या, खिशाखिशांच्या बंड्या दारात टांगल्या. म्हातारे म्हातारे लोक त्या चढवून आरशासमोर खांदे उडवून बघत होते, जणू मुलगी बघायला निघालेत. आमच्या दुकानात पिवळ्या काचांच्या चष्म्यांना एवढी मागणी आली की मालकांना दुबईहून मागवावे लागले. पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्या काचेतून पक्षी उठून दिसतो, असं कोणी तरी कोणाला तरी सांगितलं होतं. गिऱ्हाईक चष्मा लावायचं, पायरीवर जायचं, समोरच्या इमारतीवरच्या पारव्यांवर बोट रोखायचं आणि तोंडानं "टाक्!" म्हणायचं. पारव्यांना त्याचं काही नव्हतं. एक गृहस्थ तर आरशासमोर उभे राहून गळ्यातून होल्याचा आवाज काढून दाखवत होते, घु-घूऽऽ-घु, इतका हुबेहूब की मी नंबर लिहिता लिहिता थांबले. आमच्याकडे कोकणात त्याला कवडा म्हणतात. उन्हाळ्याच्या दुपारी घरातले सगळे आडवे झाले की काजूच्या झाडावर तो हाच सूर लावून बसायचा. समुद्राच्या दोन्ही काठांना पक्षी एकच भाषा बोलतो, फक्त माणसांची बदलते.

माझ्या मुलीला हे सगळं अजिबात आवडलं नव्हतं. ती चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. जेवताना म्हणाली, "मम्मा, यू आर हेल्पिंग देम किल बर्ड्स." मी म्हटलं, "मी फक्त डोळे तपासते." हे म्हणताना मलाच ते लंगडं वाटलं. पण खरं सांगायचं तर मला शिकारीचा तिटकारा नाही. माझे एक मामा ससे मारायचे आणि आम्ही ते खायचो. इथेही लोक बिस्मिल्ला म्हणून बार काढतात, पडलेला पक्षी तडफडत ठेवत नाहीत, घरी नेऊन भातात शिजवतात. चोरून मारण्यापेक्षा नियमानं मारलेलं बरं, असं मी मुलीला सांगितलं. ती ताट घेऊन उठून गेली.

पहिला आला हसन. जिदहफ्सच्या बाजारात त्याचं मासळीचं दुकान आहे. आम्हीही जिदहफ्सलाच राहतो, त्यामुळे ओळख जुनी. माझ्यासाठी सुरमईचा मधला तुकडा बाजूला ठेवणारा माणूस. खुर्चीत बसला, एक डोळा झाकला, हातानं उजवी-डावी-वर-खाली दाखवत गेला. पाचव्या ओळीत तिसऱ्या कंगव्याला चुकला. दात खाली होते, हा डावीकडे म्हणाला. एखादी चूक चालते. कॉलेजमध्ये आमच्या बाईंनी लावलेली एक सवय मला आहे. माणूस कुठल्या खुणेला चुकला ते मी त्याच्या कार्डावर टिंब देऊन ठेवते. पाचवी ओळ, तिसरं घर, टिंब. सही, शिक्का, दाखला. हसन म्हणाला, "बस? खलास?" मी म्हटलं, "खलास." त्याला फार सोपं गेल्यासारखं वाटलं असावं. त्यानं दाखल्याकडे दोनदा पाहिलं.

मग त्याच्या कॉफीच्या अड्ड्यावरचे बाकीचे आले. जिदहफ्सच्या एका गल्लीत संध्याकाळी बाकड्यांवर बसणारी ही मंडळी, सगळी मिळून नऊ जण. कोणी गाड्या दुरुस्त करणारा, कोणी टॅक्सीवाला, कोणी पेन्शनर. सगळ्यांत शेवटी आले अबू सलमान, म्हणजे सलमानचे वडील. वय सत्तरीपुढचं, इस्त्रीचा पांढराशुभ्र झगा, हातात रुमाल. सरकारी शाळेत मास्तर होते. त्या नऊ जणांतल्या निम्म्यांना त्यांनीच पाढे शिकवलेले, त्यामुळे ते अड्ड्यावर आले की पन्नाशीतला हसनही बाकड्यावरून उठायचा.

त्यांची नजर तपासताना ते गप्प नव्हते. बोलत होते. म्हणाले, या गल्लीतले सगळे चोरून जायचे दुक्तूरा, मी एकटा गेलो नाही. बंदी आली त्या दिवशी मी बंदूक बायकोच्या जुन्या पायघोळ अबायात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. वर्गात पोरांना सांगायचं नियम पाळा, आणि शुक्रवारी आपणच चोरून बार काढायचा, हे मला जमलं नाही. बायको हसायची, म्हणायची, होले काय तुमच्या वर्गात बसणार आहेत? ती गेली. बंदूक तिच्याच अबायात राहिली. आता सरकारनं जा म्हटलं, तर जातो.

एवढं बोलता बोलता त्यांनी हातानं सगळे कंगवे दाखवून टाकले. पाचव्या ओळीत एक चुकले. मी टिंब दिलं, सही केली, शिक्का मारला. बाहेर चौघे खोळंबले होते, मालक काचेतून घड्याळ दाखवत होते. डोळ्याच्या आत दिवा टाकून बघायचं मी त्या दिवशी केलं नाही. फॉर्मवर तेवढं विचारलंच नव्हतं. हे कारण आहे, सबब नाही, असं मी वर्षभर स्वतःला सांगते आहे, आणि दोन्हींतला फरक मला दिवसेंदिवस कमीच कळतो आहे.

कार्डं लावायला मी बसले ती गुरुवारी दुपारी. दुकान रिकामं होतं. एकावर एक नऊ कार्डं, आणि नऊही कार्डांवर पाचव्या ओळीत, तिसऱ्या घरात, टिंब.

मला आधी हसूच आलं. मग मी नऊही कार्डं पुन्हा एकदा चाळली.

हसननं अड्ड्यावर जाऊन सगळा तक्ता सांगितला होता. उजवी, वर, वर, डावी. कॉफी पीत पीत नऊ जणांनी तो पाठ केला, आणि पहिल्याची चूकही प्रामाणिकपणे पाठ केली. मास्तरांनी विद्यार्थ्याची कॉपी केली, चुकीसकट. परीक्षा म्हटली की पाठांतर, ही विद्या फक्त आपल्याकडचीच, असा माझा समज होता.

आणि हे माझ्या लक्षात यायला नऊ माणसं जावी लागली, याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटली. कारण मी कोणाच्या घरात वाढले? माझे अब्बा एस.टी.त ड्रायव्हर होते. दरवर्षी त्यांची नजर तपासायचे. मी दहा वर्षांची असताना त्यांचा एक कंडक्टर मित्र तक्त्यावरची अक्षरं तिकिटांच्या पुठ्ठ्यामागे लिहून घेऊन आला. ग, प, र, म, ठ. अब्बा सकाळी दाढी करताना ती म्हणायचे आणि मी पुठ्ठा धरून दारात उभी राहायचे, चुकले की सांगायचे. साबणाचा वास, पितळेचा तांब्या, आणि आमचं दोघांचं ते गुपित. मला केवढा अभिमान वाटायचा. त्या वर्षी अब्बा पास झाले. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी तक्ता बदलला, अब्बांनी जुनाच खडाखड म्हणून दाखवला, आणि त्यांना गाडीवरून उतरवून डेपोत बसवलं. त्यानंतर ते एस.टी.त बसले की शेवटच्या सीटवर बसायचे, रस्ता दिसणार नाही असे. पण मला रात्रंदिवस छळतं ते वेगळंच. मधलं ते एक वर्ष. घाटातून रोज पन्नास माणसं घेऊन त्यांनी गाडी चालवली, माझ्या मदतीनं. काही झालं नाही. काही झालं नाही, एवढंच मी म्हणू शकते.

चोराच्या घरी वाढलेल्या बाईला चोर ओळखता आले नाहीत.

शनिवारी मी नऊही जणांना परत बोलावलं आणि तक्ता उलटा टांगला. मोठे कंगवे खाली, बारीक वर. हसन बसला, तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "दुक्तूरा," तो म्हणाला, "ये तो गलत लटकाया." मी म्हटलं, "नाही, आता बरोबर लटकलाय." गंमत म्हणजे त्याची नजर घारीसारखी होती. सगळे कंगवे बरोबर सांगितले, अगदी मुंगीएवढेसुद्धा. पाचव्या ओळीतला तो तिसरासुद्धा. पहिल्या वेळी का चुकलास, विचारलं, तर म्हणाला, "घाबरलो होतो. परीक्षा होती ना." आलेल्या आठांपैकी सात असेच निघाले, धडधाकट डोळ्यांचे. फुकट पाठांतर केलेले. आठवा टॅक्सीवाला, त्याला चष्मा लागला, तो त्यानं पिवळ्या काचांचाच करून घेतला. सगळे माझ्यावर थोडे रागावले आणि एकमेकांना खूप हसले.

नववे, अबू सलमान, आले नाहीत. फोन केला तर उचलला नाही. दुसऱ्यांदा केला तर म्हणाले, बुधवारी येतो, इंशाल्ला. बुधवारी आले नाहीत. इथे अठरा वर्षं राहून मला एवढं कळतं की त्या इंशाल्लाखाली मास्तरांची 'नाही येणार' अशी सही होती. हंगाम सोमवारी पहाटे उघडणार होता.

माझा नवरा निसार हिद्दला बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन आहे. शब्द मोजून वापरणारा माणूस. गुरुवारी रात्री मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू सही केलंस, झाला. आता सरकार बघंल." मी म्हटलं, सरकार माझी सहीच बघणार आहे. त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "जुम्म्यानंतर जाव. मी येतंय." वर आणखी म्हणाला, "पण म्हाताऱ्याचा अपमान नको करूस त्याच्या पोराच्या समोर."

मी काय मागायला निघाले होते ते मला माहीत होतं, तो दाखला परत. या माणसानं सगळ्या गल्लीत एकट्यानं नियम पाळला. चोरून जाणाऱ्यांची मजा झाली, त्यांचा नेमही टिकला, आणि हंगाम उघडला तेव्हा त्यांचे डोळेही शाबूत. आणि ज्यानं परवानगीची वाट बघितली त्याची नजर वाट बघण्यातच गेली असणार. मी देवाला विचारलंसुद्धा, हा कुठला हिशोब? आणि तरीही, छर्रा तर नियमाकडे बघून उडत नाही. तो समोर जे असेल त्याला लागतो.

हे सगळं आज पुन्हा वर आलं, कारण यंदाचा हंगाम परत दारात आहे. बंड्या टांगल्या गेल्यात, पिवळ्या काचा आल्यात. हसन काल येऊन मोठ्यानं म्हणाला, "दुक्तूरा, तक्ता कसाही टांगा, मी अभ्यास केलेला नाही!" बाकीचेही येऊन गेले. आता मी प्रत्येक माणसागणिक तक्ता फिरवते, आणि डोळ्यात दिवा टाकल्याशिवाय शिक्का उचलत नाही. मालक कुरकुरतात, वेळ लागतो म्हणतात. लागू दे. अबू सलमान मात्र आले नाहीत. येणारही नाहीत, आणि त्याला कारण मी आहे. कधी कधी तक्ता फिरवताना माझा हात थांबतो आणि मी त्या शुक्रवारच्या अंगणात जाऊन उभी राहते.

त्यांच्या घराचं अंगण लहान आहे, भिंतीला लागून एक खजुरीचं झाड आणि वर विजेची तार. आम्ही गेलो तेव्हा अंगणात चादर अंथरून तिच्यावर बंदूक ठेवली होती. बंदुकीच्या तेलाचा वास आणि काहव्यातल्या, म्हणजे इथल्या कॉफीतल्या, वेलचीचा वास एकत्र झाला होता. दोरीवर नवी मातकट बंडी वाळत होती. कोणी तरी ती धुऊन, नवेपणाचा ताठा काढून ठेवला होता. त्यांचा मुलगा सलमान खाली बसून थर्मास पुसत होता. हा सलमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, चाळिशीचा, वडिलांपेक्षा वीतभर उंच. त्याला मी कधी वडिलांपुढे पाय पसरून बसलेला पाहिला नाही.

"दुक्तूरा! या, या," अबू सलमान उठून उभे राहिले. माझ्याकडे नाही, किंचित माझ्या बाजूला बघत. आणि त्या क्षणी मला कळलं. दिवा टाकून बघायची गरजच नव्हती. म्हातारपणी काहींच्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडतो. कडेचं सगळं दिसतं, माणूस घरात फिरतो, चहा ओततो, रस्ता ओलांडतो, कोणाला पत्ता लागत नाही. फक्त ज्याच्याकडे सरळ बघावं तेवढंच नाहीसं होतं. म्हणून अशी माणसं तिरकं बघायला शिकतात. दुकानात ते मान कलती ठेवून बोलत होते, आणि मला वाटलं होतं, मास्तरांची ऐट आहे.

त्यांनी खजूर दिले, कपात घोटभर काहवा ओतला, थेंबही बाहेर सांडला नाही. मग प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेला माझा दाखला काढून निसारला दाखवला. सोमवारचा बेत सांगू लागले. पहाटेची फजरची नमाज रस्त्यातच, मग पट्ट्याच्या टोकाला जायचं. "सलमान पुढे चालणार, मी मागून. पक्षी पडला की हा उचलणार. मी लहान होतो तेव्हा माझे वडील मागे आणि मी पुढे, असंच शिकलो. मागून बार निघतो तो कानावरून जातो. तेव्हा वळून बघायचं नसतं." सलमान हसला. त्याला ही गोष्ट पाठ असणार.

निसारनं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात तारेवर होले घुमायला लागले. मी वर बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उस्ताद, किती बसलेत?"

ते वर बघत नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले, मान कलती केली आणि ऐकलं. मग एखाद्या मुलाचं उत्तर तपासावं तसं शांतपणे म्हणाले, "तीन."

"युबा, पाच आहेत," सलमान हसत म्हणाला. त्याला वाटलं वडील थट्टा करताहेत. तारेवर पाच होते. घुमणारे तीन, गप्प बसलेले दोन. तो पुन्हा म्हणाला, "हे काय, समोरच तर आहेत." मग त्याचं हसू कमी होत गेलं.

"दोघं गप्प बसलेत वाटतं," अबू सलमान म्हणाले. मग त्यांनी स्वतःच सांगितलं. "दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, औषध नाही. सरळ बघितलं की जातं, कडेनं येतं. मला वाटलं, होला कडेनंच उडतो."

"मला का नाही सांगितलंत?" सलमाननं विचारलं. थर्मासचं झाकण त्याच्या हातात तसंच होतं.

त्यांनी उलट त्यालाच विचारलं, "सोमवारी चालशील माझ्यापुढे?"

मला ओरडावंसं वाटलं. निसारनं माझ्या हातावर हात ठेवला. सलमान चादरीवरच्या बंदुकीकडे बघत होता. मग म्हणाला, "चालेन, युबा."

"आता कळलं तरी?"

"चालेन."

त्यानं ते मोठेपणा म्हणून म्हटलं नाही, की वडिलांना वाईट वाटू नये म्हणूनही नाही. विचारल्यावर पाणी आणून द्यावं तितक्या साधेपणानं म्हटलं. अबू सलमान त्याच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून बसून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येत नाही. अब्बांना डेपोत बसवलं त्या दिवशीसुद्धा मी तसा चेहरा पाहिला नव्हता. होले उडून गेले होते, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यांनी कव्हरातून दाखला बाहेर काढला, बोटांनी चाचपून शिक्क्याची बाजू वर केली आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या, दुक्तूरा. याला मी बापाला 'नाही' म्हणायला शिकवलंच नाही. म्हणून आता मला म्हणावं लागतंय."

मी कागद घेतला. मग त्यांनी सलमानकडे वळून, सरळ त्याच्याकडे बघत, त्याच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला. खांदा सापडला नाही. हात हवेतच थांबला, आणि सलमान थोडा पुढे सरकला.